पोपटाला चार माणसं

“पापागाय! माइन पापागाय!”

दाराबाहेर एक जर्मन म्हातारी ओरडत होती. दाराच्या आत, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून माझी माय वडनेरवरून ओरडत होती, “पोट्ट्या, पोपट करपून राह्यला ना! उतरव खाली, उतरव!” छताला चिकटवलेलं धुराचं यंत्र या दोघींच्याही वर सूर लावून बसलं होतं. आणि मी हातात झारा घेऊन मधोमध उभा. वर्ध्याच्या बसस्टँडवर एकाच वेळी तीन गाड्या लागल्या की म्हाताऱ्या माणसाचं जे होतं ना, तेच माझं झालं होतं.

त्या देशात जाऊन मला चार महिने झाले होते. पाव, दूध, माफ करा आणि फलाट क्रमांक एवढी जर्मन मला येत होती. म्हातारीच्या ओरडण्यातले दोनच शब्द मला कळले. एक पापा, एक गाय. मी मनात म्हटलं, हिचा बाप गेला, की गाय गेली?

थांबा. आधी पोपट सांगतो, नाहीतर तुम्ही मला पाखरं मारून खाणारा समजाल. तसं समजणारी माणसं पुढे येणारच आहेत.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, शेंगदाण्याला फल्ली म्हणतात, शेताला वावर म्हणतात. आणि थंडीत वालाच्या ज्या चपट्या हिरव्या शेंगा येतात, त्यांना पोपट म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका. शेंग वाकडी असते, टोकाला चोच असते, रंग तर असतोच. ज्यानं हे नाव ठेवलं तो माझ्यासारखाच असणार, एका शेंगेत अख्खं पाखरू पाहणारा. संक्रांतीच्या आगेमागे हिंगणघाटच्या बाजारात या शेंगांचे असे ढीग लागतात की पलीकडचा माणूस दिसत नाही. परवा मी तिथूनच गेलो, तर एक बाई बसल्या जागेवरून गरजत होती, “पोपट घ्या पोपट! कवळा पोपट! मोडून पाहा, मंग घ्या!” मी मोडून पाहिला. कट्‌ असा ओला आवाज आला, बोटाला तो कडसर हिरवा वास लागला, आणि हिंगणघाटच्या बाजारात भर दुपारी माझ्या पायाखाली बर्फ आला.

हा मोसम माझ्याशी दरवर्षी असंच करतो. मी आता बोरगाव मेघेत राहतो, पोरांना शिकवतो, शनिवारी वडनेरला मायकडे जातो. साधा माणूस आहे. पण जानेवारी लागला की माझी एक चप्पल वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर असते आणि दुसरी त्या परक्या गावातल्या निसरड्या जिन्यावर.

आमच्या घरचा एक नेम आहे. मोसमातला पहिला पोपट घरच्यांनी एकट्यानं खायचा नाही. बाहेरची चार माणसं पंगतीला बसवायची, त्यांच्या तोंडात पहिला घास गेला की मग आपण. हा नेम कोणी घातला ते मायलाही ठाऊक नाही, पण मोडण्याची हिंमत कोणात नाही. एका वर्षी सगळं वडनेर लग्नाला गेलेलं, गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. मायनं काय करावं? पदर खोचून नागपूर-हैदराबाद रस्त्यावर उभी राहिली आणि हात दाखवून ट्रक थांबवला. ड्रायव्हर आणि क्लीनर, दोन झाले. दुसरा ट्रक थांबवला, चार झाले. पंजाबातले दोघं, तेलंगणातले दोघं, आमच्या अंगणात मांडी घालून पोपट-भाकर खाऊन गेले. त्यातला एक सरदारजी अजून तिथून जाताना हॉर्न वाजवतो. मी म्हणतो रोज वाजवतो. माय म्हणते दोनदा वाजवला. दोन आणि रोज यांच्यामध्ये कुठेतरी खरं असेल, मी मोजायला गेलो नाही.

तर मी शिकायला जर्मनीला निघालो तेव्हा मायनं उन्हात वाळवलेले पोपटाचे दाणे एका जुन्या उशीच्या खोळीत भरले, तोंड सुईदोऱ्यानं शिवून टाकलं आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

“थंडी लागली का उसवजो. एकट्यानं खाजो नको. चार माणसं बसव.”

“अन् चार माणसं भेटले नाई तर?”

“ज्या गावात पोपटाले चार माणसं भेटत नाई, त्या गावात राहू नाई,” माय म्हणाली. “मंग सरळ घरी येजो.”

मी हसलो होतो. चार माणसं! मी! ज्याला एसटीत खिडकीशेजारी बसवलं तर नागपूर येईपर्यंत शेजाऱ्याच्या साळ्याचं लग्न जमवून देतो, त्याला चार माणसं!

तिथं गेल्यावर कळलं की माझं सगळं शहाणपण माझ्या जिभेत होतं आणि ती जीभ तिथं चालत नव्हती. आमच्या इमारतीत वरच्या दोन मजल्यांवर आम्ही विद्यार्थी, तळमजल्यावर एक म्हातारी. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच, पण सगळे एकत्र कधीच नसत. एक जण यायचा, आपली एक ताटली काढायचा, काहीतरी गरम करायचा, खायचा, तीच ताटली धुवायचा, पुसायचा, ठेवायचा, जायचा. जणू काही झालंच नाही. आमच्याकडे माणूस जेवला की भिंतीलासुद्धा कळतं. मी बेसिनजवळ उभा राहून पाव खायचो. बसून खायचं तर समोर कोणी पाहिजे. माझं सगळ्यात जास्त बोलणं कपडे धुण्याच्या मशिनशी व्हायचं, आणि तेसुद्धा मीच करायचो.

पण हे मायला कसं सांगणार? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं असतं. म्हणून मी पहिल्याच महिन्यात एक मारिया तयार केली.

“लय चांगली पोरगी हाये माय. आमच्याच मजल्यावर राह्यते. गाणं म्हणते.”

मारिया जमली, मग पीटर आणला. पीटरच्या पाठोपाठ योहान. योहान लाजाळू. आणि चौथा टॉम, कारण तोवर मला नावं सुचेनाशी झाली होती. एकदा सुरू झालो की मी थांबतो थोडीच. पीटरच्या बापाला मी वावर दिलं, वावरात ऊस लावला.

“ऊस होते का तिथं?” मायनं विचारलं.

“होते. बारीक होते.”

मग त्या बापाचा गुडघा दुखायला लावला, कारण नुसता सुखी माणूस खरा वाटत नाही. माय दर रविवारी विचारायची, “पीटरच्या बापाचा गुडघा कसा हाये? त्याले म्हना निरगुडीचा पाला बांध.” मी म्हणायचो, सांगतो. फोन ठेवला की खोलीत अशी शांतता व्हायची की बाहेर पडणाऱ्या बर्फाचा आवाज यावा. बर्फाला आवाज नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी यायचा.

खोटं बोलण्यात मजा आहे, पण ऐकणारा समोर असला तर. मायचा चेहरा फोनमध्ये आनंदानं फुलायचा आणि मला वाटायचं, मी तिला रिकाम्या ताटावर झाकण ठेवून देतोय.

संक्रांत आली. आमच्या परीक्षाही आल्या. वडनेरला पोपट लागला. माय फोनवर म्हणाली, “आमचा पहिला पोपट झाला. तुया?”

“व्हायचा हाये.”

“मंग या रयवारी कर. मारिया, पीटर, योहान, टॉम, चौघायलेही बसव. फोन लाव. मले पाहाचे हायेत.”

त्या संध्याकाळी मी संगणकावर परतीचं तिकीट काढायला बसलो. नाव टाकलं, गाव टाकलं, शेवटचं एक बटण राहिलं. ते दाबलं की झालं, घरी. मायचंच वाक्य होतं ना, ज्या गावात चार माणसं भेटत नाही. मला बहाणासुद्धा शोधायचा नव्हता, तिनंच शिवून दिला होता. बोट त्या बटणावर ठेवून मी बराच वेळ बसलो. मग उठलो आणि उशीची खोळ उसवली. आतून वडनेरचा वास आला. ऊन, माती, थोडी गोणपाटाची धूळ. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबू. चार आले तर राहू. नाही आले तर हे बटण कुठं पळून जात नाही.

मी एक कागद घेतला. पोपटाला इंग्रजीत काय म्हणतात? शेंगेचं नाव मला येत नव्हतं, पाखराचं येत होतं. भाषांतर कसं करायचं ते आम्हाला शाळेत पक्कं शिकवलं होतं, शब्दाखाली शब्द. मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘रविवारी दुपारी पॅरट करी. माझ्या आईच्या शेतातला पॅरट. सर्वांनी यावे.’ खरं सांगू? लिहिताना मला थोडी शंका आली होती. पण म्हटलं, वालाची भाजी म्हटलं तर कोण येणार? पोपट म्हटलं तर निदान बघायला येतील. कागद जिन्यातल्या फळीवर लावला. शेजारी आधीच कोणाचा तरी कागद होता, त्यावर हिरव्या पोपटाचा फोटो आणि खाली जर्मनमध्ये बरंच काही. मला वाटलं वाढदिवस असेल. मी म्हटलं, वा, शोभून दिसतंय.

रविवारी तिघं आले.

पहिली केतेवान. जॉर्जियाची, आमच्याच मजल्यावरची, दारातून वाकून यावं लागेल एवढी उंच. चार महिन्यांत आमच्यात फक्त मान हलवण्याचा व्यवहार होता. सगळे तिला केती म्हणत. ती आली ती भांडायला. “तू खरंच पोपट शिजवतोस?” दुसरा क्वामे, घानाचा. तो म्हणाला, “मी विचारणार नाही. मला भूक लागली आहे.” तिसरा हिरोशी, जपानचा. त्याला वाटलं फळीवर लागलेली सूचना म्हणजे हजेरी सक्तीची. तो वही घेऊन आला होता.

मी हात जोडले. गंज, म्हणजे भाजीचं पातेलं, उघडून दाणे दाखवले आणि मग लाज सोडून सगळं सांगितलं. माय, नेम, चार माणसं, मारिया, पीटर, योहान, टॉम, गुडघा. इंग्रजीत सांगितलं म्हणून थोडं कमी खोटं झालं. मग केती इतक्या जोरात हसली की खिडकीवरचा बर्फ घसरला. हा बर्फ खरंच घसरला, हिरोशी साक्षीदार आहे.

“मी मारिया,” ती म्हणाली.

“माझं चर्चमधलं नाव पीटरच आहे,” क्वामे म्हणाला. “बापाचा गुडघा मात्र ठीक आहे.”

हिरोशीनं वहीत ‘योहान’ असं लिहून घेतलं.

फोन लावला. वडनेरला उन्हं कलली होती. माय अंगणात खाटेवर बसलेली, मागं गोठा, गोठ्यात गाय. “हे मारिया,” मी म्हटलं. केतीनं हात हलवला. “किती उंच हाये व माय! खाते चांगली वाट्टे.” पीटरला तिनं गुडघ्याचं विचारलं, तो गंभीरपणे म्हणाला बरा आहे, मी ते मराठीत केलं. योहान लाजला, म्हणजे सांगितल्याप्रमाणेच निघाला. मी मनात म्हटलं, जमलं! आणि मायनं बोटांवर मोजायला घेतलं.

“एक, दोन, तीन. टॉम कोठी हाये?”

टॉम कुठे आहे हे सांगण्यात मी इतका रंगलो की गंजाकडे लक्षच राहिलं नाही. टॉम बाजारात गेलाय, टॉमची सायकल पंक्चर झाली, टॉम निघालाच आहे. खालून पोपट करपला. यंत्र बोंबलायला लागलं. माय ओरडली. दार वाजलं. आणि तळमजल्यावरची म्हातारी, एका हातात माझा कागद आणि दुसऱ्या हातात तो फोटोवाला कागद घेऊन, ओरडत आत आली. “पापागाय! माइन पापागाय!”

पापागाय म्हणजे जर्मनमध्ये पोपट. पाखरू पोपट. तिचा कोको नावाचा पोपट तीन दिवसांपूर्वी उघड्या खिडकीतून गेला होता, आणि तिच्या हरवल्याच्या कागदाशेजारी मी माझं आमंत्रण लावलं होतं.

तिनं माझ्या हातातला झारा हिसकावला. गंजात खोलवर घातला. वर काढला तर हिरवं! तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही, आणि तो मी वाढवूनही सांगणार नाही. केती पुढे झाली. तिला जर्मन चांगली येत होती. तिनं एक दाणा उचलला, फुंकला, दोन बोटांत दाबला. टरफलातून दाणा सुटकन बाहेर आला. तो तिनं म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि हळू काहीतरी सांगितलं. मला म्हणाली, “आमच्याकडेही दाण्यांची अशीच भाजी करतात. लोबिओ म्हणतात.” म्हातारी त्या दाण्याकडे पाहत राहिली, आणि जवळच्या खुर्चीवर बसून रडायला लागली.

“काय म्हनते ते बाई?” फोनमधून माय. “गाय म्हने ना? गाय हारपली का तिची?”

“गाय नाई माय. पोपट हारपला.”

“पोपट कसा हारपन? चुलीवर तर हाये!”

“तो नाई. उडनारा पोपट.”

“पोपट उडते का कोठी? मले शिकवतं काय? गाय म्हनाली ते, म्या माह्या कानानं आयकलं.”

मिठ्ठू! एवढा साधा शब्द होता. आमच्या वडनेरला पिंजऱ्यातल्या पाखराला मिठ्ठू म्हणतात हे मला त्या क्षणी आठवलं असतं तर हा लेख इथंच संपला असता. आठवला जिन्यात, पण तोवर मायचा हुकूम सुटला होता.

“बाईची गाय हारपली अन् तुमी जेवाले बसून राह्यले? लाज वाट्टे का? पहिले गाय पाहा तिची! गाय सापडू दे म्हनून गिरडच्या बाबाले चादर बोलली मी. जा!”

मायचा आवाज ऐकून क्वामेनं न सांगताच कोट घातला. अशा आवाजाला भाषांतर लागत नाही. केतीला गंजापाशी ठेवलं, फोन तसाच बरणीला टेकवून ठेवला आणि आम्ही तिघं म्हातारीला घेऊन मागच्या बागेत गेलो. गुडघाभर बर्फ. झाडं अशी उघडी की त्यांच्याकडे पाहूनच थंडी वाजावी. क्वामे “कोको!” म्हणून असा गरजायचा की कोको घानात असता तरी आला असता. हिरोशी प्रत्येक झाडाखाली जाऊन वर पाहायचा आणि झाडाला वाकून पुढे जायचा. मी म्हातारीचा हात धरला होता, कारण जमीन निसरडी होती, किंवा तिनं माझा धरला होता. ती सारखी काहीतरी सांगत होती. लांबच लांब. त्या सगळ्यातला मला एकच शब्द कळला, कारण तो आमच्या पुस्तकाच्या तिसऱ्याच धड्यात होता. अलाइन. एकटी.

मला तो शब्द पाठ होता. त्या धड्यातला मला तेवढाच शब्द पाठ होता.

कोको सापडला नाही. अर्ध्या तासानं नाकं लाल करून आम्ही वर आलो, तर स्वयंपाकघर शांत. यंत्र बंद. केतीनं वरवरची भाजी अलगद दुसऱ्या भांड्यात काढली होती, करपलेल्या बुडाला हातही लावला नव्हता. आत दोन आलू चिरून टाकले होते, करपट वास ओढून घ्यायला. हे तिला कोणी सांगितलं? मायनं, हातवारे करून! मी दारातून पाहिलं तेव्हा केतीनं उजवा हात छातीवर ठेवला होता, आणि फोनमध्ये मायनंही आपला हात छातीवर ठेवला होता. मला वाटलं, दोघींना तिखटाचा ठसका लागला असेल.

मग आम्ही बसलो. त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी टेबल भिंतीपासून ओढलं. भाकरीचं पीठ नव्हतं, तिथल्या काळ्या पिठाच्या मी थापलेल्या भाकरी अशा झाल्या होत्या की दाराला अडसर म्हणून लावाव्या. म्हातारी निघाली होती, केतीनं तिला खांद्याला धरून बसवलं. माय मोजत होती.

“एक, दोन, तीन. अन् ही बाई चार. टॉमले राहू दे.”

म्हातारीनं पहिला घास घेतला. तिखटानं तिचे डोळे पुन्हा भरले, पण या वेळी सगळ्यांचेच भरले होते, त्यामुळे कोणाचं कशानं ते ओळखता आलं नाही. तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा. क्वामेनं गंज पुसून खाल्ला. हिरोशीनं वहीत भाजीचं चित्र काढलं. पोरगं परीक्षेचा पेपर लिहीत असताना आई शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहते, तशी माय फोनमध्ये बसून राहिली. शेवटची ताटली रिकामी झाली तेव्हा म्हणाली, “आता तू खा,” आणि मला आठवलं की मी अजून जेवलोच नव्हतो. मी बसून जेवलो. चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी मी संगणकावरची ती तिकिटाची खिडकी बंद केली.

पुढच्या रविवारी माय म्हणाली, “बाईची गाय सापडली का?” तिचा चेहरा पाहून माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. “सापडली,” मी म्हटलं. मग काय, दुसऱ्याच गुरुवारी माय हिंगणघाटहून एसटी बदलून समुद्रपूरमार्गे गिरडला गेली, टेकडी चढली आणि दर्ग्यावर हिरवी चादर चढवून आली. जगात कधी नसलेल्या एका जर्मन गाईच्या नावानं! तिनं फोटो पाठवला. मी तो कितीतरी वेळ पाहिला.

पण नवस काही वाया जात नाही म्हणतात. म्हातारी त्यानंतर दर रविवारी वर यायची. उशीच्या खोळीत शेवटी मूठभर दाणे उरले, ते मी तिला दिले. उन्हाळा आल्यावर तिनं ते कुंडीत लावले आणि कुंडी कोकोच्या रिकाम्या पिंजऱ्यात ठेवली. वेल गजांतून बाहेर आला, पिंजऱ्यावर चढला, खिडकीपर्यंत गेला. शेंगा काही आल्या नाहीत, तिथल्या उन्हाला तेवढी धमक नव्हती. पण जांभळी फुलं अशी आली की रस्त्यानं जाणारे थांबायचे. म्हातारी मला खिडकीतून बोलवायची आणि पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणायची, “पोपट!” ठ नव्हे, ट. स्पष्ट. अगदी वडनेरचा.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी शिकून परत आलो. क्वामे अजून पत्राच्या शेवटी सही करताना ‘पीटर’ लिहितो. केती मात्र कुठल्याही देशात असो, दर संक्रांतीला मायला फोन करते. माय तिला दहा मिनिटं वऱ्हाडीत झापते, ती दहा मिनिटं जॉर्जियनमध्ये हसते. “मारिया, जाडी नाई झाली अजून?” आणि ती “हव, हव” म्हणते, म्हणजे हो, हो. हा एकच शब्द तिला येतो आणि तेवढ्यावर दोघींचं नऊ वर्षं भागलंय.

आणि परवा ती इथं येते आहे. खरोखरीची. माणसं अशी गोष्टीतून उठून दारात यायला लागली तर सांगणाऱ्यानं काय करावं? मायनं तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन ठेवल्या आहेत, मनगट मोठं असेल म्हणून सगळ्यात मोठ्या मापाच्या. या वर्षीचा पहिला पोपट तिच्यासाठी थांबवलाय. वडनेरच्या निम्म्या बायांना सांगून झालंय की आमची मारिया येऊन राह्यली. आणि मग ही बाई अंगणात उभी राहून, कोणीतरी नाव विचारलं की सांगणार, केतेवान. माझी नऊ वर्षांची इमारत एका शब्दानं कोसळणार. मला मायच्या चेहऱ्याची भीती वाटत होती. फसवल्या गेल्याचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि तो पाहायला लागू नये म्हणूनच तर हे सगळं केलं होतं.

म्हणून आज शनिवारी वडनेरला आलो. दुपारचं ऊन अंगणात पसरलेलं. मध्ये सुपात शेंगांचा ढीग, एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला मी. कट्‌, कट्‌. टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे. तिची बोटं न पाहता चालतात, माझी पाहूनही अडखळतात. मी तीनदा खाकरलो.

“माय, एक सांगाचं हाये.”

“सांग.”

“मारियाचं नाव मारिया नाई.”

माय शेंग सोलत राहिली.

“केतेवान,” ती म्हणाली. “माहीत हाये मले. तुमी गाय पाहाले गेलते तवाच सांगतलं तिनं. छातीवर हात ठेवून.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. गोठ्यातल्या गाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हे मी वाढवून सांगत नाही.

“मंग नऊ वर्षं तिले मारिया काऊन म्हनत होती?”

मायनं मुठीतले दाणे गंजात टाकले.

“तू म्हनत होता म्हनून.”